नव्या नोटांच्या गड्ड्या आणि वडिलांची ठेव

वाचकाचं पत्र

नमस्कार काका,

मी बार्शीत राहतो, वय २८. एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो. गेली दोन वर्षं मी बँकेतून नव्या कोऱ्या नोटांच्या गड्ड्या जमवतोय. शाळेतला एक मित्र बँकेत कॅशिअर आहे. नवी कॅश आली की तो फोन करतो आणि मी जाऊन घेऊन येतो. आज माझ्याकडे दहाच्या ९०, वीसच्या २० आणि पन्नासच्या १० गड्ड्या आहेत. एकूण १,८०,००० रुपये. वीसच्या काही गड्ड्यांत नंबरामध्ये स्टार असलेल्या नोटा आहेत. शिवाय पुण्यातल्या एका दलालाकडून एक रुपयाच्या नव्या नोटांच्या ५ गड्ड्या ४,००० रुपयांना घेतल्या. पुढे याचे खूप पैसे होतील असं वाटलं होतं.

यातले ५०,००० माझे. बाकी १,३०,००० वडिलांच्या मुदत ठेवीचे. ठेव संपली तेव्हा त्यांनी स्लिपवर सही करून दिली आणि दुसऱ्या बँकेत जास्त व्याजानं ठेवून ये म्हणाले. मी ते गड्ड्यांत घातले. वडील एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. ती ठेव बहिणीच्या लग्नासाठी होती आणि लग्न वैशाखात आहे. घरी कुणालाच माहीत नाही.

मागच्या आठवड्यात मी दहाच्या एका नोटेचा फोटो टाकला होता, नंबराच्या शेवटी ७८६ हा मुसलमानांत शुभ मानला जाणारा आकडा आहे. एका माणसाचा फोन आला, ३,५०,००० रुपयांना घेतो म्हणाला. आधी २,१५० रुपये नोंदणीचे भरायचे. रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्रही त्यानं पाठवलंय. भरू का? बाकीच्या गड्ड्या आता विकू की दहा वर्षं ठेवू? आजीच्या पेटीत जुन्या पाचशेच्या ६ नोटा सापडल्या, त्यांचं काय करू? आमच्या मिलमध्ये हमाली करणारे एक चाचा म्हणतात, ती ७८६ ची नोट मला दे, मी तुला दुसरी दहाची देतो.

तुम्ही बँकेत होतात म्हणून तुम्हाला लिहितोय.

– एक वाचक, बार्शी

उत्तर

२,१५० रुपये भरू नकोस. पुढचं उत्तर सावकाश वाच, पण हे आत्ता ठरव. आज पैसे भरलेस तर उद्या तोच माणूस जीएसटी मागेल, परवा ‘फाइल अडकली’ म्हणून आणखी काही मागेल, आणि प्रत्येक वेळी आधीचे बुडू नयेत म्हणून तू पुढचे भरशील. रिझर्व्ह बँक जुन्या किंवा खास नंबरच्या नोटांची खरेदी-विक्री करत नाही. अशा व्यवहारासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशनही घेत नाही. तिच्या नावानं हे प्रकार चालतात म्हणूनच तिनं ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना जाहीरपणे सावध केलं होतं. तुला आलेलं पत्र खोटं आहे. त्या माणसाला आधार कार्डाचा किंवा पासबुकाचा फोटो पाठवला असशील तर बँकेला आजच कळव. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार कर.

आता गड्ड्यांकडे वळू.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं कॅश काउंटरच्या जाळीमागे गेली. करन्सी चेस्टमधून, म्हणजे शाखांना नोटा पुरवणाऱ्या मोठ्या तिजोरीतून, नवी कॅश आली की खोलीत शाईचा एक वास सुटायचा. पट्टी न तोडलेली गड्डी हातात धरली की वाटायचं, ही ठेवून द्यावी. तुला जे वाटलं ते मला चांगलं कळतं. यात लोभ आहेच, पण नुसता लोभ नाही. कोऱ्या नोटेत एक ओढ असते. म्हणून मी तुला रागावणार नाही. फक्त जाळीच्या या बाजूनं जे दिसतं ते सांगतो.

तुझ्या ७८६ पासून सुरुवात करू. आपल्या नोटेवर आधी तीन अक्षर-आकड्यांची मालिका असते आणि मग सहा आकडी नंबर. एका गड्डीत सलग शंभर नंबर. आता हिशेब कर, तू तर हिशेबनीसच आहेस. दर हजार नोटांमागे एक नोट ७८६ वर संपते. ज्या गड्डीची पहिली नोट ७०१ वर संपते, तिच्यात ७८६ असणारच. त्यासाठी पट्टी तोडायचीही गरज नाही. तुझ्याकडे दहाच्या ९,००० नोटा आहेत, म्हणजे तुझ्याच कपाटात अशा साधारण नऊ नोटा निघतील. देशात दहाच्या नोटा दोन हजार कोटींहून जास्त फिरतायत. म्हणजे नुसत्या दहाच्याच, ७८६ वर संपणाऱ्या नोटा दोन कोटींच्या पुढे जातात. नंबरात कुठेही ७८६ आलं तर चालेल म्हटलं, तर आठ कोटींच्या पुढे. दोन कोटी लोकांच्या खिशात असलेल्या वस्तूचे कुणी साडेतीन लाख कशाला देईल?

उलटसुलट सारखे वाचले जाणारे नंबर, १२३३२१ सारखे, तेही हजारात एक. त्यांना हौशी लोक थोडेफार जास्त देतात, पण ‘थोडेफार’च. खरी किंमत येते ती सहाही आकडे सारखे असलेल्या नोटेला, बाजारात तिला सॉलिड नंबर म्हणतात. दहा लाख नोटांच्या एका मालिकेत अशा नऊच नोटा असतात, ११११११ पासून ९९९९९९ पर्यंत. १२३४५६ तर दहा लाखांत एकच. तुझ्या ९,००० नोटांत एखादी सॉलिड असण्याची शक्यता शंभरात आठ. तीही कुठल्या मालिकेतली, कुणाच्या सहीची, किती कोरी आहे यावर तिचा भाव ठरतो. आज रात्री प्रत्येक गड्डीची वरची नोट बघून कागदावर नंबर उतरवून काढ. अर्ध्या तासात कळेल. सापडली तर तेवढी एक गड्डी बाजूला ठेव आणि मला जरूर कळव, मला मनापासून आनंद होईल. बहुतेक सापडणार नाही, हेही मनात असू दे.

स्टार नोटांचं असं आहे की छापताना एखादी नोट खराब निघाली तर तिच्या जागी त्याच नंबराची दुसरी छापत बसण्याऐवजी स्टार असलेली नोट गड्डीत घालतात. २००६ पासून दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांना ही पद्धत आली, पुढे २०१६ मध्ये नव्या पाचशेलाही. त्या गड्डीत नोटा शंभरच असतात, फक्त नंबर सलग नसतात, आणि पट्टीवर तशी नोंद असते. स्टारवाली नोट खोटी असते अशी अफवा पसरली तेव्हा २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खुलासा केला, की ती इतर कुठल्याही नोटेसारखीच चालते. संग्राहक स्टार नोटा जमवतात हे खरं, आणि काही मालिकांच्या कमी निघाल्या म्हणून त्यांना मागणीही आहे. पण कुठल्या मालिका, ते वर्षानुवर्षं याद्या लावून बसणाऱ्यांना ठाऊक असतं. तुझ्या मित्राला ते माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही काउंटरवर बसून ते कधी कळलं नाही. स्टारच्या दोन-तीन नोटा ठेव, हरकत नाही. पूर्ण गड्ड्या ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. जुनी नोट महाग असते ती जुनी आहे म्हणून नव्हे. तिच्या काळच्या लोकांनी ती खर्च करून टाकली म्हणून. १९१७ साली पंचम जॉर्जचं चित्र असलेली एक रुपयाची पहिली नोट निघाली. तेव्हा मजुराच्या हातात रुपया आला की तो ठेवायला नव्हता, ज्वारीला होता. नोट हातोहात फिरली, घामानं मऊ पडली, घडीवर फाटली, सरकारी तिजोरीत जाऊन जळली. कुणाच्या पोथीत, कुणाच्या दस्तऐवजांच्या बासनात एखादी कोरी राहून गेली, तिला आज भाव आहे. तुमच्या बार्शीपासून थोडं पूर्वेला गेलं की निजामाची हद्द सुरू व्हायची. पलीकडे निजामाचा हाली रुपया चालायचा, आणि हैदराबाद संस्थानच्या स्वतःच्या नोटाही होत्या. त्या बाजूच्या जुन्या वाड्यांत आजही एखादी निघते. तीही कुणी नफ्यासाठी ठेवलेली नव्हती, राहून गेलेली असते. बी. एन. आडारकर १९७० मध्ये जेमतेम दीड महिना रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. गांधीजन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आली, आणि कारकीर्दच इतकी छोटी म्हणून त्या सहीच्या नोटा संग्राहक शोधत असतात. त्या नोटा बँकेतून घेताना कुणाला ठाऊक होतं की ही सही दुर्मीळ होणार आहे?

आणि आज काय चाललंय? दहाची नवी गड्डी आली की तुझ्यासारखे हजारो जण ती कपाटात ठेवतात, तीही कोरी, पट्टीसकट, प्लॅस्टिकमध्ये. वीस वर्षांनी त्या सगळ्या एकाच वेळी बाजारात येतील. जी वस्तू सगळ्यांनी जपली ती दुर्मीळ कशी होणार? २,००० च्या नोटेचं आठव. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती आली तेव्हा पहिल्या आठवड्यात किती जणांनी एकेक जपून ठेवली होती! मे २०२३ मध्ये ती मागे घेण्याची घोषणा झाली आणि ९८ टक्क्यांहून जास्त रक्कम बँकेत परत आली. म्हणजे वेळ आली तेव्हा जपणाऱ्यांनाही तिच्यावर दर्शनी किमतीपेक्षा जास्त मिळेल असा भरवसा वाटला नाही.

माझ्या स्वतःच्या कपाटातली एक गोष्ट सांगतो. १९९४ साली एक रुपयाच्या नोटेची छपाई थांबली. तेव्हा मी एक कोरी गड्डी दर्शनी किमतीला घेऊन कपाटात ठेवली. अठरा वर्षांनी काढली. त्या काळी गड्ड्यांना पिना मारत. नोटांना पिना मारू नका असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं ते २००१ मध्ये. माझ्या गड्डीची पिन गंजली होती आणि तिचा तांबूस डाग वरच्या-खालच्या वीस-पंचवीस नोटांत उतरला होता. बाकीच्यांना भोकं होतीच. पुण्याच्या जुन्या बाजारात एका जाणकार व्यापाऱ्याला दाखवली. त्यानं नोट उजेडात धरली, बोटानं कडा चाचपल्या, आणि जो आकडा सांगितला तो तेच शंभर रुपये ठेवीत घातले असते तर झाले असते त्याहून कमी होता. मी गड्डी परत घेऊन आलो. आणखी तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, सरकारनं एक रुपयाची नोट पुन्हा छापायला घेतली. ‘आता कधीच येणार नाही’ या एका वाक्यावर मी ती गड्डी ठेवली होती, आणि तेच वाक्य खोटं ठरलं.

ठेवीचं म्हणालो म्हणून तुझाही हिशेब बघ. साडेसहा-सात टक्क्यांनी पैसे दहा वर्षांत जवळपास दुप्पट होतात. तुझी १,००० रुपयांची गड्डी दहा वर्षांनी २,००० ला विकली गेली तर तू जिथून निघालास तिथेच असशील. आणि २,००० तुझ्या हातात पडायला हवेत. व्यापारी आपला नफा ठेवूनच घेणार, त्यामुळे तो पुढे गिऱ्हाइकाला त्याहून बऱ्याच जास्तीला विकू शकला पाहिजे. दहाच्या नव्वद गड्ड्या एकदम घेणारा तुला भेटणार नाही. एखाद-दुसरी घेणारे नव्वद जण शोधावे लागतील. विकत घेणं दोन वर्षांत झालं, मित्राचा फोन आला की झालं. विकण्यासाठी तुला कोण फोन करणार आहे? माल घ्यायच्या आधी गिऱ्हाईक कोण, हे डाळीच्या व्यापारात तुझा मालक पहिल्यांदा बघतो. इथे ते बघायचं राहून गेलं.

पण या सगळ्यात एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, आणि ती फार मोठी आहे. तू शेअर घेतले नाहीस, कुठल्या फसव्या योजनेत पैसे घातले नाहीस. बँकेतून घेतलेली प्रत्येक नोट आजही तिच्यावर लिहिलेल्या किमतीची आहे. १,८०,००० चे १,८०,००० जसेच्या तसे आहेत. गेलं ते फक्त व्याज. दलालाला दिलेल्या ४,००० तले ३,५०० सोडले तर मुद्दल कुठेच बुडालेलं नाही. तू पत्र लिहिलंस त्या रात्री तुला सगळं संपल्यासारखं वाटत असेल, तसं झालेलं नाही.

तेव्हा वडिलांचे १,३०,००० आधी मोकळे कर. लहान किमतीच्या नोटा घ्यायला बँकेची कुठलीही शाखा नकार देऊ शकत नाही. मात्र एकदम शंभर गड्ड्या घेऊन महिन्याच्या पहिल्या तारखेला काउंटरवर जाऊ नकोस; मागे पेन्शनवाले रांगेत उभे असतात आणि कॅशिअरलाही त्या मोजून घ्याव्या लागतात. महिन्याच्या मध्यावर, दुपारी गर्दी नसताना, तीन-चार खेपांत भर. रोख भरण्यावर तुमच्या खात्याला काही आकार लागतो का ते आधी विचार. पॅन कार्ड बरोबर ठेव. मिलच्या मालकाला सांगितलंस तर हमालांच्या पगाराच्या दिवशी दहा-वीसच्या गड्ड्या तो आनंदानं घेईल आणि तुला पाचशेच्या नोटा देईल. बार्शीच्या बाजारात सुट्ट्यांची ओरड कायमच असते, किराणावाले तर वाट बघत असतात.

आणि अरे, घरात लग्न आहे! लग्नघरात कोऱ्या नोटांइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. ओट्या, दक्षिणा, आहेराची पाकिटं, करवल्यांचा मान, बँडवाले, वाढपी, बूट लपवणाऱ्या पोरींशी घासाघीस. लोक महिनाभर आधीपासून कॅशिअरच्या मागे लागतात. दहाच्या पंधरा-वीस आणि वीस-पन्नासच्या दोन-दोन गड्ड्या लग्नासाठी म्हणूनच ठेव. तुझी आई खूश होईल.

लग्नसराईत नव्या दहाच्या गड्डीवर वरचे पैसे घेऊन विकणारे लोक असतात. तुझ्या डोक्यात तो विचार येऊन गेला असेल म्हणून बोलतो, ते करू नकोस. शाखेला नवी लहान कॅश मोजकीच येते. नव्या किंवा चांगल्या नोटा मागेल त्याला द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. तुझ्या मित्रानं ९० गड्ड्या तुला दिल्या, त्या कुणाला तरी ‘नाहीत’ म्हणून सांगितल्या असणार. मुलीच्या लग्नाला एक गड्डी मागायला आलेला एखादा बाप रिकाम्या हातानं गेला असणार. मी जाळीमागे बसून असं ‘नाहीत’ म्हणणारे सहकारी पाहिलेत, आणि तेव्हा गप्प बसलो याचं मला आजही वाईट वाटतं. मित्राला सांग की आता फोन करू नकोस. यात त्याची नोकरी आहे. वरच्यांच्या लक्षात आलं तर उत्तर त्याला द्यावं लागेल, तुला नाही.

एक रुपयाच्या त्या ५ गड्ड्या मात्र बँकेत भरू नकोस. भरल्यास ५०० रुपयेच जमा होतील. त्या ठेव. त्या नोटेकडे एकदा नीट बघितलंस का? तिच्यावर गव्हर्नरची सही नाही, वित्त सचिवांची आहे. ‘अदा करण्याचं वचन देतो’ हे वाक्यही नाही. कारण ती रिझर्व्ह बँकेची नोटच नाही, ती थेट भारत सरकारची आहे. मनमोहन सिंग वित्त सचिव होते तेव्हा त्यांची सही रुपयाच्या नोटेवर आली आणि पुढे गव्हर्नर झाल्यावर मोठ्या नोटांवर. अशा गोष्टी कळायला लागल्या की नोट नुसती गड्डीतली राहत नाही. एक गड्डी फोडून पाच-सहा नोटा स्वतःसाठी काढ, बाकीच्या ओळखीच्या जाणकाराकडे हळूहळू वीक किंवा दुसऱ्या नोटांशी बदलून घे. ४,००० पूर्ण परत येतील अशी आशा धरू नकोस.

आजीच्या पाचशेच्या नोटा आता चलन नाहीत. २०१७ च्या कायद्यानं अशा बाद नोटा दहापर्यंत जवळ ठेवायला मुभा आहे, अभ्यास किंवा नाणेसंग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याच्या वर सापडल्या तर १०,००० रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांतली जी रक्कम जास्त ती दंड म्हणून भरावी लागू शकते. तुझ्या सहाच आहेत, काळजी नाही. पण ती मुभा जवळ ठेवण्यापुरती आहे. विकायला काढू नकोस, आणि ‘अजून बदलून देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातही उभा करू नकोस. आजीच्या पेटीत त्या कशा राहिल्या, कोणत्या वेळेसाठी तिनं त्या बाजूला टाकल्या होत्या, ते घरच्यांना विचारून लिहून ठेव आणि तो कागद नोटांबरोबर ठेव.

तुझं मन खरंच या नोटांत असेल, आणि तुझं पत्र वाचून मला तसं वाटतं, तर लग्न पार पडल्यावर निवांत सुरुवात कर. महिन्याला दोन-तीनशे रुपयांच्या वर नको. एका प्रकारच्या नोटेच्या दहा गड्ड्या घेण्याऐवजी दहा वेगळ्या सह्यांच्या एकेक नोटा घे. नोट मधोमध घडी न घालता ठेव, रबर बँड लावू नकोस, साध्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नकोच. आपल्या नोटेचा कागद पूर्ण कापसाचा असतो. त्याला दमट भिंतीचं कपाट आणि कसर दोन्ही बाधतात. पुण्याला गेलास तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात नुसता फीर, काही न घेता, भाव ऐकत. मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणकशास्त्राची संशोधन संस्थाच आहे, आणि १९२८ मध्ये भारतात नोटा छापायला सुरुवात झाली तीही नाशिकलाच. हे सगळं तुझ्या एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

७८६ ची नोट चाचांना दे, आणि बदल्यात दहा रुपये घेऊ नकोस. तू तिला साडेतीन लाखांची समजत होतास. ते तिला दहाचीच समजतात, आणि तरीही त्यांना ती हवी आहे, पाकिटात जपायला. त्या नोटेला खरं गिऱ्हाईक तेवढं एकच आलंय.

राहता राहिले वडील. सगळे पैसे भरून, पासबुक घेऊनच त्यांच्यासमोर जाईन असं तुझ्या मनात असेल. तसं करू नकोस. गड्ड्या घरात आहेत तोवरच सांग, या रविवारीच. पासबुकावरचा आकडा दाखवून केलेली कबुली आणि गड्ड्या समोर मांडून केलेली कबुली यात फरक आहे, आणि त्यांना तो लगेच कळेल. बहिणीला बोलावू नकोस, आईला बोलाव. व्याजाचं जे नुकसान झालं ते तुझ्या ५०,००० मधून भरून देतो असं तूच आधी म्हण, त्यांना मागायला लावू नकोस. ते चिडतील. चिडू देत, मध्ये बोलू नकोस. मग पिशवी त्यांच्यापुढे ठेव आणि मोजायला सांग. ज्या माणसानं चालत्या गाडीत उभं राहून उभा जन्म दहा-वीसच्या नोटा मोजल्या, त्याला तुझ्या सव्वाशे गड्ड्या मोजायला वेळ लागणार नाही. तू शेजारी बस आणि आकडे लिहून घे.